माईक निवडायला लागलेली दोन वर्षं

दिग्रसला मोटारी भरणारा एक मिस्त्री होता, त्याची ही हकिगत आहे. तिच्यात मीही आहे, आणि जिथे जिथे मी आहे तो भाग सांगायला मला अजून जड जातं.

मोटार भरणं म्हणजे जळालेल्या पंपाची, कूलरची नाहीतर पिठाच्या चक्कीची मोटार उघडायची, आतली करपलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी तार वेढे मोजून बसवायची. त्याच्या वडिलांनी हेच केलं आणि शाळा सुटल्यापासून त्यानंही. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं एका खणाचं दुकान होतं. हाताला कायम तारेवर लावायच्या वार्निशचा वास यायचा. ईदेला अत्तर लावून आला तरी अत्तराखालून तो वास यायचाच.

आणि हा माणूस गायचा. आमच्याकडे एक आर्केस्ट्रा होता. लग्नं, नवरात्राचे मंडप, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे जायचो. तो गायचा, मी की-बोर्ड वाजवायचो. मी पंचायत समितीत नोकरीला. वडील शिक्षक होते, घरात पेटी होती, त्यामुळे बोटं लहानपणीच वळली होती. तो मला ‘बाबू’ म्हणायचा, मी त्याला ‘मिस्त्री’. वीस वर्षांत आम्ही एकमेकांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

त्याचा आवाज कसा होता हे सांगताना माझी पंचाईत होते. खालच्या सुरात थोडा खरखरीत, वर गेला की एकदम मोकळा. देवीच्या मंडपात तो देवीचं गाणं म्हणायचा, मोहल्ल्यातल्या जलशात पैगंबरांच्या स्तुतीची नात म्हणायचा आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या लग्नात गोरबोलीतलं गाणं असं म्हणायचा की म्हाताऱ्या बाया पुढे येऊन त्याचा हात धरायच्या. गाणं शिकायला तो कोणाकडे गेला नव्हता. मोटारीत तार घालताना गुणगुणायचा, तोच रियाज.

लॉकडाऊनमध्ये आर्केस्ट्रा बसला. मालकानं स्पीकर, मिक्सर, सगळं विकून टाकलं. पुढे लग्नं सुरू झाली, पण लोकांना डीजे पुरेसा वाटायला लागला होता. असंच एकदा दुपारी मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. त्याच्या पुढ्यात उघडी मोटार होती. मान वर न करता तो म्हणाला, “बाबू, तुह्या घराची वरची खोली रिकामीच हाय ना? तिथंच रेकॉर्डिंग करू. आधी माही गाणी. मंग भजनवाले येतीन, नातवाले येतीन, तांड्यावरचे येतीन. कोनी नाही आलं त माही गाणी त होतीन.”

मला ती कल्पना इतकी आवडली की मी त्याच दिवशी एक नवी वही आणली.

त्या वहीनं घात केला असं मी पुढे लोकांना सांगायचो. ते खरं नाही. वही बिचारी काय करणार. मी आमच्या ऑफिसातला माणूस होतो. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणची माहिती काढायची, तक्ता करायचा, शेरा लिहायचा आणि फाईल पुढच्या आठवड्यावर ढकलायची, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. पैशाची ओढाताण होती, पण ती काही आडवी आली नाही. आडवा आला तो माझा स्वभाव.

घरी रेकॉर्डिंग करायला फार काही लागत नाही. एक माईक लागतो. माईकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी एक लहानशी पेटी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एक स्टँड, एक चांगली वायर. कॉम्प्युटर माझ्याकडे होताच. बस्स, एवढंच. एखादा माणूस सकाळी बसनं नागपूरला जाऊन संध्याकाळच्या आत हे सगळं घेऊन परत येऊ शकतो.

मी माईकपाशीच अडकलो. माईकचे मुख्य दोन प्रकार. एक कंडेन्सर, म्हणजे फार नाजूक कानाचा. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा टिपतो, पण शेजारच्या कुकरची शिट्टी, रस्त्यावरची मोटारसायकल आणि पत्र्यावर उतरलेलं कबूतरही टिपतो. दुसरा डायनॅमिक, आर्केस्ट्रात हातात धरतात तसा. तो फक्त तोंडापुढचं ऐकतो, बाकीचं सोडून देतो. माझी खोली टिनाच्या पत्र्याखालची. खालच्या रस्त्यावरून जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या जायच्या. या खोलीला कुठला माईक हवा हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मिस्त्रीनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं, “आपल्या आर्केस्ट्रात होता तसाच घे. मले त्याची सवय हाय.”

पण मी व्हिडिओ पाहायला लागलो होतो. कोणी म्हणायचं, खरा स्टुडिओ म्हणजे कंडेन्सरच. कोणी म्हणायचं, आधी खोली सुधारा. इंटरफेसला एक माईक लागावा की दोन यावरच मी एक अख्खा उन्हाळा घालवला. एखादं मॉडेल ठरत आलं की त्याची सुधारलेली आवृत्ती येणार असल्याचं कळायचं, आणि मी थांबायचो. नागपूरला एका दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस होता. त्यानं विचारलं, रेकॉर्ड काय करणार? मी म्हणालो, सगळंच. तो म्हणाला, मग आधी ठरवून या. मी तसाच रिकाम्या हातानं दिग्रसला आलो आणि वहीत आणखी एक रकाना आखला.

मिस्त्रीनं त्याच्या वाटचं काम महिनाभरात संपवलं होतं. माझ्या घराच्या लायनीला अर्थिंग धड नव्हतं. अशा घरात रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक घूं असा आवाज येतो, हे त्याला न शिकता ठाऊक होतं. त्यानं अंगणाच्या कोपऱ्यात स्वतः खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि कोळसा, मीठ घालून भरला. मोडक्या उभ्या पंख्याच्या बैठकीचा माईक स्टँड केला. जाड तारेचं कडं वळवून त्यावर त्याच्या बायकोच्या, म्हणजे भाभीच्या, जुन्या ओढणीचं कापड ताणून बसवलं. प, फ म्हणताना माईकवर हवेचा धक्का बसू नये म्हणून ही जाळी लागते. गादीवाल्याकडून टाकाऊ कापसाच्या चार गाद्या भरून आणल्या आणि खोलीच्या भिंतींना टांगल्या. मग मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळीचा आवाज जागच्या जागी विझला. तो समाधानानं हसला.

त्यानंतर तो दर रविवारी दुपारी यायचा. जिना चढतानाच विचारायचा, आला का माईक? मी सांगायचो, या महिन्यात नक्की. मग तो गाद्यांच्या मधोमध बसून गायचा. मी पेटी घ्यायचो. माईक नव्हता, समोर लोक नव्हते, डोक्यावर कोणाची फर्माईश नव्हती. वीस वर्षांत त्याचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं त्या रविवारांतलं आहे. एकदा भाभी बरोबर आली होती. तिनं मला सुचवलं, की फोनवर तरी घेऊन ठेवा. मी म्हणालो, फोनवर कशाला, आता होईलच चांगलं.

खर्र्याबद्दलही सांगायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहासारखा चालतो. आम्ही दोघंही खायचो. एक पुडी आणायची आणि अर्धी अर्धी करायची, हे मैत्रीत धरलेलं होतं. मोटार भरताना हात गुंतलेले असतात, बोलायचं नसतं, तेव्हा त्याच्या उजव्या गालात खर्रा असायचा. कित्येकदा तो मीच आणून दिलेला असायचा.

दुसऱ्या वर्षी त्याच्या तोंडाला तिखट सोसेना. ईदेला त्यानं मला शीरखुर्मा वाढला, पण स्वतः मटणाच्या ताटाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाला, तोंड आलं असेल. मग तो वरण-भात कालवून खायला लागला. चहा थंड करून प्यायला लागला. त्याचं गाणंही बदललं. वरच्या सुरात ‘आ’ लावताना त्याचं तोंड पूर्वीसारखं उघडेना. तो सूर खाली घ्यायला लागला, शब्द आवळून म्हणायला लागला. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. ध्यानात आलं होतं. मी ते वहीत लिहिलं आहे. ‘गायक आता हळू आणि खालच्या पट्टीत गातो, त्यामुळे जास्त नाजूक माईक बघावा.’ माझ्याच अक्षरात आहे ते. माझ्या मित्राचं तोंड मिटत चाललं होतं आणि मी त्याच्यावर माईक शोधत होतो.

गालाच्या आतली जखम दोन महिने भरून आली नाही तेव्हा भाभी त्याला बळेच दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनही गेली नाहीत. तिथून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. नागपूरला जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

तो रिपोर्ट घेऊन तो माझ्या ऑफिसात आला. कामकाजाचा दिवस होता. माझ्या टेबलासमोर घरकुलाच्या चौकशीला आलेली माणसं उभी होती. तो त्यांच्या मागे रांगेत उभा राहिला, जणू त्याचंही काही काम असावं. त्याचा नंबर आल्यावर त्यानं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, “इंग्रजीत हाय. वाचून सांग.”

मी वाचलं. पहिल्या दोन ओळींतच तो शब्द होता. मी पुढचं सगळं वाचत राहिलो, शेवटच्या सहीपर्यंत, कारण मान वर करायची हिंमत नव्हती.

“तेच हाय का?” त्यानं विचारलं.

“तेच हाय,” मी म्हणालो.

त्यानं रिपोर्टाची नीट घडी केली, पाकिटात घातला आणि मागच्या माणसाला पुढे होऊ दिलं. मी उठून बाहेर आलो तोवर तो सायकल घेऊन निघून गेला होता. मी फाटकाबाहेरच्या ठेल्यावर उभा राहिलो. ठेलेवाल्यानं न विचारता नेहमीप्रमाणे खर्रा घोटून हातात दिला आणि मी तो तोंडात टाकला. अर्धा चघळून झाल्यावर मला कळलं की मी काय करतो आहे. थुंकला, चूळ भरली. तरी दुसऱ्या दिवशी परत खाल्ला. सुटायला त्यानंतर बरेच दिवस गेले. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही.

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. गालाचा भाग, खालच्या जबड्याचं हाड आणि जिभेची एक बाजू काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढे बोलता येईल का, असं भाभीनं विचारलं. त्यांनी सांगितलं की घरच्यांना कळेल इतपत येईल.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळच्या बसनं नागपूरला गेलो. तेच दुकान, तोच शांत दुकानदार. मी वही नेली नव्हती. डायनॅमिक माईक घेतला, मिस्त्रीनं पहिल्या दिवशी सांगितला होता तसा. दोन माईक लागतील असा साधा इंटरफेस, एक हेडफोन, एक वायर. दुकानदाराचा चहा संपायच्या आत सगळं ठरलं. त्यानं पुन्हा विचारलं, रेकॉर्ड काय करणार?

“एक माणूस,” मी म्हणालो.

परतताना बसमध्ये तो डबा मी मांडीवर धरून बसलो होतो. दोन वर्षं मी ज्याचा विचार केला ते सगळं त्या एका डब्यात मावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दुकान बंद ठेवलं आणि तो दुपारी आला. माईक स्टँडला लावला. अर्थिंगमुळे लायन इतकी स्वच्छ होती की हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. मी बटण दाबलं. त्यानं त्याचं आवडतं गाणं धरलं, आर्केस्ट्रात आम्ही नेहमी मध्यंतरानंतर घ्यायचो ते. तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. शब्द दातांमागे चेंगरून बाहेर येत होते. वरच्या ओळीला तो थांबला, लाळ पुसली, पुन्हा सुरुवात केली. तीनदा सुरुवात केली.

मी त्याला हेडफोन दिला. इतक्या जवळून स्वतःचा आवाज तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग हेडफोन काढून गादीवर ठेवला.

“हा मी नाही,” तो म्हणाला.

मी घाईघाईनं सांगायला लागलो, की कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ करता येतं, सूर वर नेता येतो, आवाज उजळता येतो, दुरुस्ती होते.

“काय दुरुस्त करशीन बाबू? तोंड?”

तो रागानं बोलला नव्हता. जळालेल्या मोटारीबद्दल गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होता. मग त्यानं चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

दोन दिवस तो आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आणि भाभी दोघं आले. भाभीच्या हातात कापडात बांधलेल्या तीन जाड डायऱ्या होत्या.

त्या डायऱ्यांमध्ये त्यानं भरलेल्या प्रत्येक मोटारीचा हिशोब होता. कुठल्या मोटारीला किती जाडीची तार, किती वेढे, तार कुठून निघून कुठे जोडायची. पण ते लिहिलं होतं त्याच्या स्वतःच्या खुणांमध्ये. निम्मे आकडे उर्दूत, निम्मे मराठीत, मध्येच बाण, मध्येच फुल्या, कुठे नुसतं एका गावाचं नाव, कारण त्या गावच्या पंपावरून त्याला सगळं आठवायचं. त्याच्याशिवाय ते कोणालाही वाचता आलं नसतं. भाभी बरीच वर्षं घरी बसून तारेचे वेढे घालून द्यायची, मोटारीच्या खाचांत बसवायचा कागद कापून द्यायची, पण हिशोब आणि जोडणी त्याची. त्यांची मुलगी अजून शाळेत होती.

“दुकान ही चालवीन,” तो म्हणाला. “मी वाचून सांगतो. तू भरून घे.”

भाभी माझ्याशी एरवी फार बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. “भाई, बाद में मेरे को समझा नहीं तो मैं किससे पूछूँ? इनसे तो बोलना होनेवाला नहीं.”

असं त्या खोलीतलं खरं रेकॉर्डिंग सुरू झालं. अकरा दिवस चाललं. मी सगळी शिल्लक रजा टाकली. तो पान उलटायचा, खूण वाचायचा, आणि मग ती मोटार समजावून सांगायचा. भाभी शेजारी बसून विचारायची. तिचा आवाजही त्याच माईकमध्ये यायचा. अर्धा तास बोललं की त्याचा जबडा दुखायचा. मग पाण्यात भिजवलेला कापूस ओठांना लावून तो गप्प बसायचा. खोकला यायचा. एकेकदा शब्द इतका चेंगरायचा की भाभी तोच शब्द पुन्हा म्हणायची आणि तो मान हलवायचा. हो म्हणून नाहीतर नाही म्हणून.

त्या बोलण्यातलं कितीतरी मला आजही पाठ आहे. मोटार आली की आधी वास घ्यायचा, मग उघडायची. सगळी तार सारखी काळी पडली असेल तर मोटारीवर भार जास्त पडला. काही पट्टे काळे आणि मधले पट्टे चांगले असतील तर लायनीच्या तीन फेजांपैकी एक गेला होता, आणि मालकाला आधी लायन बघायला सांगायचं, नाहीतर भरलेली मोटार आठ दिवसांत परत येईल. आपोआप बंद पडली असं म्हणणाऱ्याला विचारायचं की धूर निघाल्यावर किती वेळ चालवली. एवढं सांगून तो थोडा हसला होता. हसताना त्याला दुखलं.

मी मुकाट्यानं बटणं दाबत होतो. त्या डायनॅमिक माईकनं रस्ता, पत्रा, कबुतरं, सगळं सोडून फक्त त्याचं तोंड ऐकलं. दोन वर्षांपूर्वी हाच माईक या खोलीत असता तर त्यानं काय ऐकलं असतं, हा विचार त्या अकरा दिवसांत माझ्या डोक्यातून गेला नाही. मिस्त्रीनं तो विषय एकदाही काढला नाही. त्यानं काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसरी डायरी संपली त्या दिवशी भाभीनं त्याला हळूच म्हटलं, की आता मशीन चालूच आहे तर एक गाणं म्हणा, मुलीसाठी. त्यानं डायऱ्या कापडात बांधल्या, गाठ मारली.

“गाणं नको,” तो म्हणाला. “ते जसं लोकायच्या ध्यानात हाय तसंच राहू दे.”

ऑपरेशन झालं. नाकातून नळी, छातीवरची कातडी काढून गालाला लावलेली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं पाटीवर लिहून विचारलं, दुकान उघडलं का? भाभी नागपुरातच होती, त्यामुळे दुकान बंदच होतं. पण मी हो म्हणून सांगितलं.

परत आल्यावर त्याचं बोलणं खरोखरच घरच्यांपुरतं उरलं. मला कळायचं नाही. तो दोनदा, तीनदा म्हणायचा आणि मग हातानं ‘जाऊ दे’ करायचा. भाभीनं दुकान उघडलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं बाईला बघून पुढच्या दुकानात जायची. मग काही परत यायला लागली, मुख्यतः जुनी, खेड्यापाड्यांतली. मी ऑफिस सुटल्यावर तिथे जाऊन बसायचो.

तिथे पाहिलेलं एक चित्र सांगतो. भाभी खाली सतरंजीवर मोटार घेऊन बसलेली. शेजारी तिचा फोन, मी त्यात घालून दिलेल्या रेकॉर्डिंगमधून त्याचा आवाज येतो आहे, अमक्या खाचेतून तार काढ, इतके वेढे घाल. आणि तो स्वतः दोन हातांवर खुर्चीत बसलेला, गळ्याभोवती रुमाल, तोंड एका बाजूला ओढलेलं. फोनमधला तो बोलतो आहे आणि खुर्चीतला तो ऐकतो आहे. भाभी कुठे चुकली की तो पुढे वाकून बोटानं दाखवायचा. एकदा फोनमधला आकडाच चुकीचा होता. वाचताना त्याच्याकडूनच चुकला होता. तो जोरात काहीतरी ओरडला, शब्द नसलेलं. भाभीनं फोन थांबवला. त्यानं डायरी ओढून घेतली आणि आकडा दाखवला.

गाठ मानेत परत आली. ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात तो गेला. दफनाला मी होतो, आर्केस्ट्रातला ढोलकीवाला होता, तांड्यावरचे दोन म्हातारे पुसद रस्त्यावरून चालत आले होते.

तो गेल्यावर मी त्याचं गाणं शोधायला निघालो. ज्यांच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं त्यांची नावं आठवून आठवून घरोघरी विचारत फिरलो. नेरला गेलो, ढाणकीला गेलो. लोक चहा करायचे, आठवणी सांगायचे, कपाटं उघडायचे. कोणाचा फोन बदलला होता, कोणाचं मेमरी कार्ड हरवलं होतं. एका लग्नाच्या व्हिडिओत फोटोग्राफरनं सगळा आवाज काढून त्यावर सनई भरली होती. मिस्त्री पडद्यावर गातो आहे, हात वर करतो आहे, आणि ऐकू येते सनई. ढाणकीला एका नवरीच्या भावाकडे चाळीस-एक सेकंदांचा तुकडा मिळाला. फाटलेला आवाज, मध्ये पोरांचा गलका, पण वरचा सूर त्याचा आहे. त्याचं मोकळं गाणं तेवढंच आहे माझ्याकडे.

खोली तशीच आहे. एक भजनी मंडळ येऊन गेलं, दोन नात म्हणणारे येऊन गेले. मी लगेच बटण दाबतो. आवाज बसला असेल, पेटी बेसूर असेल, तरी घेतो आणि लोकांना म्हणतो, परत या, परत घेऊ.

मागच्या महिन्यात भाभी आली. दुकान आता चालतं, गिऱ्हाईक टिकलं आहे. तिचं एक काम होतं. दुकानात फोन लावला की त्याचा खोकला, घोट घेताना होणारा त्रास, विव्हळणं, सगळं ऐकू येतं. गिऱ्हाइकं तिच्याकडे कसंनुसं बघतात. मुलगी तर ते लागलं की उठून आत जाते. तेवढं काढून फक्त कामाचं ठेवता येईल का, असं तिनं विचारलं.

मी दोन रविवार बसलो. अकरा दिवसांचं सगळं ऐकलं. खोकला कापला, श्वास कापला, पाण्याचे घोट कापले, भाभीचे प्रश्न ठेवले. शेवटी जे उरलं त्यात एक माणूस सरळ, न थांबता मोटारी भरायला शिकवतो आहे असं वाटत होतं. तसा तो कधीच बोलला नव्हता. भाभीनं ऐकलं, ठीक आहे म्हणाली. मग तिनं विचारलं की आधीचं मूळ माझ्याकडे आहे का. मी म्हणालो, आहे, जपून ठेवलं आहे.

“मत रखो, भाई,” ती म्हणाली.

मी म्हणालो, एकदा विचार करा, पुन्हा मिळणार नाही. ती म्हणाली की तिनं विचार केला आहे. त्या खोकल्यासाठी ती वर्षभर जागी राहिली आहे, तिला तो आठवायला मशीन लागत नाही, आणि मुलीच्या हाती तो कधी पडू नये.

चार दिवसांनी मी नवीन फाईल तिच्या फोनमध्ये घालून द्यायला दुकानात गेलो. ती चक्कीची मोटार उघडून बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं, पुसलं ना? मी हो म्हणालो. खरंच पुसलं होतं.